ट्रॉलीचं चाक हलतंय? उसाच्या हंगामाआधी हब-बेअरिंग बघून घ्या

हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टरचं ऑइल बदललं जातं, ट्रॉलीकडे मात्र कोणी बघत नाही. पावसाळाभर उभ्या ट्रॉलीच्या हबात पाणी, चिखल जाऊन ग्रीस पांढरं पडलेलं असतं. भरल्या उसात रात्री बेअरिंग फुटलं तर चाक हबसकट निसटू शकतं आणि मागच्या मोटारसायकलवाल्याच्या जिवावर बेततं.

रिकामी ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच ठेवून कडक जमिनीवर जॅकने उचला. एक्सलखाली लाकडी ओंडका द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावा. चाक वर-खाली धरून हलवा, मग फिरवा. खडखड आली किंवा हात अडखळला तर हब खोलायचाच. वरून नवं ग्रीस मारणं म्हणजे दुरुस्ती नव्हे.

टोपी, कॉटर पिन, नट, वॉशर काढलं की बाहेरचं बेअरिंग हातात येतं. आतलं बेअरिंग ऑइल सीलच्या मागं असतं. सगळं डिझेलने धुवा. रोलर निळे पडलेत, खड्डे पडलेत, तर बेअरिंग गेलं. हबात बसलेला कपही सोबतच बदला. जुन्या कपात नवं बेअरिंग टिकत नाही. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, जुना तुकडा घेऊनच दुकानात जा. एक्सलचं टोक झिजून बेअरिंग त्यावर सैल बसत असेल, तर आधी लेथवाल्याला दाखवा.

नवा कप चारी बाजूंनी थोडा थोडा ठोकत तळापर्यंत बसवा. बेअरिंगमध्ये ग्रीस तळहाताने दाबून, दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत भरा. ऑइल सील दरवेळी नवं. गरम हब ओढ्याच्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि फाटक्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. बेअरिंग जाण्याचं हे एक मोठं कारण.

नट चाक फिरवत आवळा, मग थोडा सैल सोडून पिनचं भोक जुळवा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण हलता कामा नये. पिनही नवीच घाला. बरेच जण तिथं खिळा किंवा तार घालतात, ते घातक आहे.

पहिल्या खेपेला आठ-दहा किलोमीटरवर थांबून हबला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर नट जास्त आवळला गेलाय. चाकाचे नटही तेव्हाच पुन्हा आवळून घ्या.