बायबलचे स्त्रीवादी अर्थविवेचन

बायबलचे स्त्रीवादी अर्थविवेचन ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक अभ्यासशाखा आहे. बायबलमधील स्त्री-पुरुषविषयक वचनांचा अर्थ लावताना मूळ भाषा, लेखनकाळातील समाजस्थिती, भाषांतरांचा इतिहास आणि स्त्रियांचा अनुभव या चारही गोष्टी विचारात घ्याव्यात, अशी या शाखेची भूमिका आहे. विद्यापीठीय अभ्यासविषय म्हणून ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. तिची मुळे मात्र सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. स्त्रीने उपदेश करावा की नाही, कुटुंबातील पतीची सत्ता ईश्वरदत्त आहे काय, छळ सोसणे हे पत्नीचे धर्मकर्तव्य ठरते काय, या प्रश्नांची उत्तरे या वचनांच्या अर्थावर अवलंबून असल्याने हा वाद केवळ पंडितांपुरता मर्यादित राहिलेला नाही.

पार्श्वभूमी

बायबल हा एका काळात किंवा एका लेखकाने लिहिलेला ग्रंथ नाही. त्यातील जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आणि नवा करार ग्रीक भाषेत आहे. दोन्ही करार पुरुषप्रधान समाजात लिहिले गेले. तरीही त्यांत दबोरा ही न्यायनिवाडा करणारी स्त्री (शास्ते, अध्याय ४ व ५), हुल्दा ही संदेष्टी आणि पुनरुत्थित येशूचे वर्तमान शिष्यांना प्रथम सांगणारी मग्दालीया मरीया (योहान, अध्याय २०) यांच्या कथाही आहेत.

पुढील काळातील धर्माचार्यांनी मात्र स्त्रीच्या दुय्यमत्वावर भर दिला. तेर्तुलियनने पापाच्या प्रवेशाचा दोष हव्वेवर आणि तिच्या द्वारे सर्व स्त्रियांवर ठेवला. थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलच्या मतांचा आधार घेऊन स्त्रीचे पुरुषाधीन असणे नैसर्गिक मानले. इ.स. ५९१ मध्ये पोप पहिला ग्रेगरी याने एका प्रवचनात मग्दालीया मरीया आणि लूककृत शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्री या एकच असल्याचे सांगितले. बायबलमध्ये असा उल्लेख नसतानाही पश्चिमेकडील चित्रकला व लोकश्रद्धा यांत तीच प्रतिमा रूढ झाली. मूळ ग्रंथ काय सांगतो आणि परंपरा त्यातून काय वाचते, यांतील अंतराचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

वादाच्या केंद्रस्थानी असलेली वचने

उत्पत्ती, अध्याय १ ते ३

पहिल्या अध्यायात नर व नारी या दोघांची निर्मिती देवाच्या प्रतिरूपाप्रमाणे एकाच वेळी झाल्याचे वर्णन आहे. दुसऱ्या अध्यायात आदामाची निर्मिती आधी आणि त्याच्या फासळीपासून स्त्रीची निर्मिती नंतर होते. तिच्यासाठी तेथे ‘एझेर’ हा हिब्रू शब्द योजलेला असून त्याचे भाषांतर सामान्यतः ‘साहाय्यक’ असे केले जाते. मराठीत ‘साहाय्यक’ म्हटले की हाताखालचे माणूस डोळ्यांपुढे येते. जुन्या करारात मात्र हा शब्द अनेकदा खुद्द देवासाठी, माणसाच्या मदतीला धावणारा या अर्थाने, आलेला आहे (उदा. स्तोत्र ३३ व १२१). त्यामुळे या शब्दावरून स्त्रीचे दुय्यमत्व सिद्ध होत नाही, असे स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात.

अमेरिकन अभ्यासक फिलिस ट्रिबल यांनी १९७३ मधील एका लेखात आणि १९७८ मधील ‘गॉड अँड द ऱ्हेटरिक ऑफ सेक्शुॲलिटी’ या ग्रंथात या कथेचे नवे वाचन मांडले. ‘आदाम’ हा शब्द ‘अदामा’ म्हणजे माती या शब्दाशी जोडलेला असून तो आरंभी केवळ मातीपासून घडलेला जीव या अर्थाने येतो. पुरुष व स्त्री हा भेद स्त्रीच्या निर्मितीबरोबरच प्रकट होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. तिसऱ्या अध्यायातील पतीच्या स्वामित्वाचा उल्लेख आज्ञाभंगानंतर येतो. म्हणून ते स्वामित्व देवाची मूळ योजना नसून बिघडलेल्या संबंधाचे वर्णन आहे, असे त्या मानतात.

पौलाची पत्रे

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात (वचने ३४ व ३५) स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असे सांगितले आहे. त्याच पत्राच्या अकराव्या अध्यायात मात्र प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रियांनी मस्तक आच्छादावे असा नियम आहे. म्हणजे त्या बोलत होत्या, हे तेथे गृहीत धरलेले आहे. काही प्राचीन हस्तलिखितांत चौदाव्या अध्यायातील ही दोन वचने अध्यायाच्या शेवटी आढळतात. यावरून ती नंतर घातली गेली असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. इतरांच्या मते हा नियम करिंथ येथील विशिष्ट गोंधळापुरता होता.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पतीला पत्नीचे ‘मस्तक’ म्हटले आहे. मूळ ग्रीक शब्द ‘केफाले’ हा आहे. त्याचा लाक्षणिक अर्थ ‘अधिकारी’ असा घ्यावा की ‘उगम’ असा, यावर मोठा वाद झाला. स्त्रीवादी अभ्यासक त्याआधीच्या एकविसाव्या वचनाकडेही लक्ष वेधतात, कारण तेथे सर्वांनीच परस्परांच्या अधीन असावे असे सांगितले आहे. तीमथ्याला पहिल्या पत्रात (अध्याय २, वचन १२) स्त्रीने शिकवू नये व पुरुषावर अधिकार चालवू नये, असा आदेश आहे. येथील ‘औथेन्तेइन’ हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात एकदाच येते. त्याचा अर्थ साधा अधिकार की बळकावलेला अधिकार, हे ठरवणे त्यामुळे कठीण जाते.

याउलट गलतीकरांस पत्रात (अध्याय ३, वचन २८) ख्रिस्ताच्या ठायी यहूदी व ग्रीक, दास व स्वतंत्र, पुरुष व स्त्री हे भेद उरत नाहीत, असा आशय आहे. कोणते वचन प्रमाण मानून कोणत्या वचनाचा अर्थ लावायचा, हा या वादाचा गाभा आहे.

रोमकरांस पत्रातील स्त्रिया

या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल अनेक स्त्रियांचा उल्लेख करतो. फिबी हिला तो ‘डायाकोनोस’ म्हणतो. पुरुषाच्या संदर्भात या शब्दाचे भाषांतर अनेकदा ‘सेवक’ किंवा ‘डीकन’ या पदाला साजेसे केले गेले, फिबीच्या बाबतीत मात्र केवळ ‘सेविका’ असे. त्याच अध्यायातील युनिया हिचे उदाहरण अधिक बोलके आहे. चौथ्या शतकातील योहान क्रिसोस्तोम याने तिला स्त्री मानून प्रेषितांमध्ये गणले जाण्याबद्दल तिची प्रशंसा केली होती. मध्ययुगानंतर काही विवेचकांनी हे नाव ‘युनियास’ असे पुरुषवाचक ठरवले आणि विसाव्या शतकातील अनेक भाषांतरांत तेच रूप छापले गेले. असे पुरुषनाम प्राचीन साधनांत आढळत नाही, हे बर्नाडेट ब्रूटेन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिले. एल्डन एप यांनी २००५ मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ती स्त्री होती हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ती स्वतः प्रेषित होती की प्रेषितांना सुपरिचित होती, याबद्दल मात्र मतभेद आहेत.

इतिहास

इंग्लंडमधील क्वेकर पंथाच्या मार्गारेट फेल यांनी १६६६ मध्ये कारावासात असताना स्त्रियांच्या उपदेशाचे बायबलच्या आधारे समर्थन करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. अमेरिकेत गुलामगिरीविरोधी चळवळीतून हा प्रश्न पुन्हा पुढे आला. सेरा ग्रिम्के यांच्या जाहीर भाषणांवर मॅसॅच्युसेट्समधील धर्मोपदेशकांनी १८३७ मध्ये आक्षेप घेतला, तेव्हा त्यांनी पत्ररूपाने उत्तर दिले. ती पत्रे १८३८ मध्ये पुस्तकरूपात आली. प्रचलित भाषांतरे पुरुषांनी केली असून स्त्रियांनी स्वतः मूळ भाषा शिकल्यास वेगळे अर्थ पुढे येतील, असे त्यांनी सुचवले. १८५३ मध्ये अँटोनेट ब्राउन यांना न्यूयॉर्क राज्यातील काँग्रिगेशनल मंडळीत धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

एलिझाबेथ केडी स्टँटन यांच्या नेतृत्वाखाली ‘द वुमन्स बायबल’ हा भाष्यग्रंथ १८९५ व १८९८ मध्ये दोन भागांत निघाला. स्टँटन यांनी वचनांचे नवे अर्थ लावले, त्याचबरोबर काही वचने अन्यायकारक असल्याने त्यांचे प्रामाण्यच नाकारले. मताधिकार चळवळीला हे मानवले नाही. राष्ट्रीय मताधिकार संघटनेने १८९६ च्या अधिवेशनात या ग्रंथाशी आपला संबंध नसल्याचा ठराव केला. याउलट कॅथरिन बुशनेल यांनी बायबलचे प्रामाण्य पूर्णपणे मान्य करून भाषांतरांतील दोष दाखवले. त्या व्यवसायाने डॉक्टर होत्या. १८९० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी भारतातील ब्रिटिश लष्करी छावण्यांमधील वेश्याव्यवस्थेची पाहणी केली होती. स्टँटन व बुशनेल यांच्या या दोन वाटा पुढील काळातही समांतर चालत राहिल्या.

१९६० मध्ये व्हॅलरी सेव्हिंग यांनी पापाच्या रूढ कल्पनेलाच प्रश्न विचारला. अहंकार हेच मूळ पाप आहे, ही शिकवण पुरुषांच्या अनुभवातून आली असून स्त्रीच्या बाबतीत स्वतःला पुसून टाकणे हाच अधिक मोठा धोका असतो, असे त्यांनी मांडले. मेरी डेली यांनी १९७३ मधील ‘बियाँड गॉड द फादर’ या ग्रंथात देवाच्या पुरुषी प्रतिमेवर टीका केली आणि त्या चर्चपासून दूर गेल्या. एलिझाबेथ शूसलर फिओरेन्झा (‘इन मेमरी ऑफ हर’) व रोझमेरी रॅडफर्ड रूथर (‘सेक्सिझम अँड गॉड-टॉक’) यांनी १९८३ मध्ये या शाखेचे पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केले. ग्रंथात स्त्रियांविषयी मौन असेल, तर ते त्यांच्या अनुपस्थितीचा पुरावा मानू नये, हे फिओरेन्झा यांचे सूत्र विशेष प्रभावी ठरले.

प्रमुख भूमिका

प्रॉटेस्टंट पंथांत दोन मुख्य भूमिका दिसतात. समतावादी विचारानुसार बायबलचे योग्य वाचन स्त्री-पुरुषांना चर्च व कुटुंब यांत समान अधिकार देते. पूरकतावादी विचारानुसार दोघांचे मूल्य समान असले, तरी त्यांची कार्ये भिन्न आहेत आणि नेतृत्व पुरुषाकडे सोपवलेले आहे. १९८७ मध्ये तयार झालेले डॅनव्हर्स निवेदन पूरकतावादाची अधिकृत मांडणी मानली जाते. पौलाने तीमथ्याला लिहिताना आदाम प्रथम निर्माण झाल्याचा दाखला दिला आहे. म्हणून हा नियम स्थानिक नसून सार्वकालिक आहे, हा पूरकतावाद्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद आहे. गलतीकरांस पत्रातील वचन तारणाबद्दल आहे, पदांबद्दल नाही, असेही ते म्हणतात. आदेशामागील कारण विशिष्ट परिस्थितीशी निगडित आहे, असे समतावादी त्यावर उत्तर देतात.

रोमन कॅथलिक चर्चने १९७६ चे घोषणापत्र व १९९४ चे पोप दुसरे जॉन पॉल यांचे पत्र यांद्वारे स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देता येत नाही, अशी भूमिका स्पष्ट केली. येशूने बारा प्रेषित म्हणून पुरुषांनाच निवडले, हा त्यामागील एक आधार आहे. दुसरीकडे २०१६ मध्ये याच चर्चने मग्दालीया मरीयेच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

चर्चमधील परिणाम

चर्च ऑफ इंग्लंडमध्ये पहिल्या स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा १९९४ मध्ये मिळाली आणि २०१५ मध्ये लिबी लेन या पहिल्या स्त्री बिशप झाल्या. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट मंडळींनी २००० मध्ये पाळकपद पुरुषांपुरते मर्यादित असल्याचे आपल्या श्रद्धापत्रकात नमूद केले.

कौटुंबिक हिंसेचा प्रश्न याहून गंभीर आहे. पतीच्या अधीन राहण्याची आणि दुःख सोसण्याची वचने छळ होणाऱ्या पत्नीला परत पाठवण्यासाठी वापरली जातात, ही तक्रार अनेक देशांतून पुढे आली. जागतिक चर्च परिषदेने १९८८ ते १९९८ हे दशक स्त्रियांशी एकजुटीचे दशक म्हणून पाळले. परिषदेत कार्यरत असलेल्या भारतीय अभ्यासक अरुणा ज्ञानदासन यांनी १९९३ मध्ये चर्च आणि स्त्रियांवरील हिंसा या विषयावर पुस्तक लिहिले. पूरकतावादी लेखकही पतीच्या मारहाणीचा निषेध करतात. अधिकाराचा गैरवापर आणि अधिकार या भिन्न गोष्टी आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्र व भारत

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर अँग्लिकन धर्माधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला होता. रमाबाईंनी आपल्या पत्रव्यवहारात अशा बंधनांना ठाम विरोध केला आणि सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य राखले. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. छपाईचे कामही आश्रमातील स्त्रियांनी केले. सामान्य स्त्रीला ग्रंथ स्वतः वाचता व समजता यावा, हा त्यांचा हेतू होता. हे भाषांतर आजच्या अर्थाने स्त्रीवादी भाष्य नव्हे. मात्र सेरा ग्रिम्के यांनी सुचवल्याप्रमाणे मूळ भाषा शिकून स्त्रीनेच भाषांतर करावे, हे त्यातून प्रत्यक्षात आले.

चर्च ऑफ साउथ इंडियामध्ये २०१३ मध्ये एग्गोनी पुष्पलळिता यांची नंद्याळ धर्मप्रांताच्या बिशपपदी नियुक्ती झाली. त्या या चर्चच्या पहिल्या स्त्री बिशप होत.

टीका

पारंपरिक अभ्यासकांच्या मते स्त्रीवादी वाचन आधुनिक मूल्ये प्राचीन ग्रंथावर लादते. डेलींसारख्या मूलगामी विचारवंतांना, उलटपक्षी, पुरुषप्रधान ग्रंथाला वाचवण्याचा हा प्रयत्नच व्यर्थ वाटतो. ज्यू अभ्यासक ज्युडिथ प्लास्को यांनी तिसरा दोष दाखवला: येशूला स्त्रियांचा कैवारी ठरवण्यासाठी तत्कालीन यहूदी धर्माचे चित्र अकारण काळे रंगवले जाते. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये हागार या दासीच्या कथेच्या आधारे कृष्णवर्णीय स्त्रियांचा अनुभव मांडला. हागारेला छळणारी सारा हीदेखील स्त्रीच होती, त्यामुळे सर्व स्त्रियांचा अनुभव एकच मानता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. बोट्स्वानाच्या मुसा दुबे यांनी २००० मध्ये वसाहतवादाच्या संदर्भात असाच प्रश्न उपस्थित केला. या टीकेनंतर वंश, वर्ग व वसाहतवाद यांचा विचारही या शाखेत समाविष्ट झाला.