पाणी माघारी येतं

जून 2011. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, मिनेवॉकन गावाच्या पूर्व टोकाला तुम्ही उभे आहात. पुढचा रस्ता सरळ पाण्यात शिरतो. पाण्यात वठलेल्या झाडांचे सांगाडे. मागे ओस पडलेली घरं.

समोर डेव्हिल्स लेक, समुद्रसपाटीपासून 1454 फुटांवर. इथे कुणी धरण बांधलेलं नाही. आजूबाजूचे ओढे या सरोवरात पाणी आणून टाकतात. 1458 फुटांपर्यंत चढलं तरच ते आपसूक शेयेन नदीत सांडेल. तोवर आपसूक कमी व्हायचं ते ऊन शोषून घेईल तेवढंच. महापूर ओसरतो, माणसं चिखल उपसून पुन्हा चूल पेटवतात. हे पाणी मात्र अठरा वर्षं चढत राहिलंय. प्रत्येक वसंतात थोडं जवळ. मला हेच सर्वांत क्रूर वाटतं: पळून जावं असा एकही दिवस नव्हता, आणि 1990च्या 401 माणसांची 2010 साली 224 झाली.

आता काळात मागे चाला. 1880चं दशक. आगबोटीची शिट्टी ऐकू येते. कॅप्टन हीरमन यांची 'मिनी एच' टपाल आणि उतारू घेऊन या सरोवरात फिरते आहे. हे गाव पाण्याच्या ओढीनेच इथे वसलं. नावही डकोटा लोकांच्या भाषेतलं: म्नी म्हणजे पाणी, वाकान म्हणजे पवित्र. सरोवराच्या याच नावातून गोऱ्यांनी 'डेव्हिल', म्हणजे सैतान काढला, हे मला अजून सलतं.

1940. पाणी 1401 फुटांवर उतरलंय. आगबोट केव्हाच थांबली. जिथे ती तरंगायची तिथे तुमच्या बुटांखाली माती कुरकुरते.

आणि 1993चा उन्हाळा. सरोवर इथून आठेक मैलांवर आहे. गावातून दिसतही नाही. अवर्षणाने गव्हाची शेतं पिचून गेलीत. दुपारी पश्चिमेकडून आभाळ भरून येतं. टपोरे थेंब धुळीत पडतात, मातीचा वास सुटतो. एक शेतकरी टोपी काढून, तोंड वर करून अंगणात भिजत उभा राहतो. तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहता. पाऊस वाढत जातो.