बहात्तराव्या घराची गोष्ट

सोडियम पाण्यात पडले की भडकून उठते. निऑन मात्र कोणाच्या वाटेस जात नाही. निऑनच्या अणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८. सोडियमची २, ८, १. तो बाहेरचा एकटा इलेक्ट्रॉनच सोडियमला स्वस्थ बसू देत नाही.

१९१३ साली डेन्मार्कच्या नील्स बोर यांनी इलेक्ट्रॉनांना ठरावीक कक्षा नेमून दिल्या आणि पुढे सर्व मूलद्रव्यांची मांडणी लावावयास घेतली. परंतु मांडणी नुसती सुबक असून भागत नाही. ती कसोटीस उतरावी लागते. ती कसोटी ठरली ७२ व्या मूलद्रव्याची. फ्रान्सचे उर्बें म्हणत, हे दुर्मिळ मृत्तिकांच्या कुळातले असून आपणांस सापडलेही आहे. बोर यांच्या मांडणीप्रमाणे ते कूळ ७१ वरच संपत होते आणि ७२ वे झिर्कोनियमचे भावंड ठरत होते. उर्बें खरे ठरते, तर बोर यांची सारी मांडणीच धोक्यात येती.

कोपनहेगन येथे कोस्टर व हेवेशी यांनी झिर्कोनियमचे खनिज क्ष-किरणांनी तपासले. ७२ व्याच्या रेषा त्यात उमटल्या! ११ डिसेंबर १९२२ रोजी नोबेल व्याख्यानात बोर यांनी ती ताजी वार्ता सांगितली. कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून ते हाफ्नियम झाले.

पुढे कक्षांची कल्पना पालटली, मांडणी टिकली. हाफ्नियम तर रसायनज्ञांच्या हाताखालून पूर्वी कित्येकदा गेले होते. कोठे पाहावे हे कळल्यावरच ते दिसले.