बिब्बा : औषध आणि अपाय

लिंबू-मिरचीच्या माळेत ओवलेला काळा बिब्बा शहरातील दुकानांच्या दारावर आजही दिसतो. गुडघेदुखी, मुरगळलेला पाय किंवा कंबरदुखी यांवर बिब्ब्याचे तेल लावण्याची किंवा तापवलेल्या बिब्ब्याने दुखऱ्या जागी डाग देण्याची पद्धतही महाराष्ट्रात जुनी आहे. चांगल्या कामात विघ्न आणणे, या अर्थी 'बिब्बा घालणे' हा वाक्प्रचार मराठीत रूढ आहे. औषध म्हणून बिब्ब्याचा विचार करतानाही तो विसरू नये.

बिब्बा म्हणजे संस्कृतमधील भल्लातक. शास्त्रीय नाव सेमेकार्पस ॲनाकार्डियम. आंबा आणि काजू यांच्याच कुळातील हा वृक्ष पानझडी जंगलांत आढळतो. फळाच्या कठीण कवचात दाहक, तेलकट रस असतो आणि हवा लागताच तो काळा पडतो. त्याचा डाग धुतला तरी जात नसल्याने धोबी कपड्यांवर खुणा करण्यासाठी तो वापरत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या परदेशी सैनिकांना अशा खुणांमुळे त्वचेचा दाह झाल्याची नोंद आहे.

औषधी उपयोग

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायन म्हणून भल्लातकाचे अनेक योग सांगितले आहेत. वात व कफाचे विकार, सांधेदुखी, आमवात, मूळव्याध आणि त्वचारोग यांत आयुर्वेद त्याचा उपयोग करतो. मात्र कच्चा बिब्बा औषधात वापरत नाहीत. विटेच्या चूर्णात घोळून, गोमूत्र व दूध यांच्या साहाय्याने त्याचे शोधन केल्यावरच तो योगात घेतात. औषध चालू असताना उन्हात जाणे व तिखट, आंबट पदार्थ वर्ज्य असून दूध-तुपावर भर असतो. गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि पित्तप्रकृतीच्या व्यक्तींना ते देऊ नये, असा संकेत आहे.

प्राण्यांवरील प्रयोगांत बिब्ब्याच्या अर्कामुळे सूज कमी झाल्याचे आढळले आहे. परंतु सांधेदुखीच्या रुग्णांवरील मोठ्या व काटेकोर चाचण्यांचा पुरावा अपुरा आहे.

धोके कोणते?

या रसातील भिलावनोल वर्गातील द्रव्ये त्वचेला तीव्र ॲलर्जी निर्माण करतात. अनेकदा एक-दोन दिवसांनी खाज सुटते, लाली येते, पाण्याने भरलेले फोड उठतात आणि चेहरा सुजतो. यालाच 'बिब्बा उतणे' म्हणतात. आंब्याचा चीक किंवा काजूच्या टरफलाचे तेल ज्यांना बाधते, त्यांना हा धोका अधिक असतो. विदर्भ-मराठवाड्यात बिबे फोडून गोडंबी काढणाऱ्या महिलांचे हात या तेलानेच भाजतात. डिंकाच्या लाडवात पडणारी ही गोडंबी खाद्य असली, तरी तिला कवचाचे तेल लागलेले नसावे.

पोटात घेतल्यास तोंड व घशाची आग, अंगावर पित्त उठणे, उलट्या असे त्रास होऊ शकतात. मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात आहेत.

मधुमेहींनी विशेष सावध राहावे. पायांची संवेदना कमी झाली असेल, तर टाचेच्या भेगांत भरलेल्या बिब्ब्याचा चटका जाणवत नाही. त्यातून झालेली जखम चिघळू शकते. डाग दिल्यावर भाजल्याच्या वेदनेपुढे मूळ दुखणे काही काळ जाणवेनासे होते, पण अस्थिभंग किंवा सांध्यातील जंतुसंसर्गाचे निदान लांबते.

काय करावे?

बिब्ब्याचा रस त्वचेला लागल्यास ती जागा न चोळता साबण व भरपूर पाण्याने लगेच धुवावी. कपडे बदलावेत आणि तो हात डोळ्यांना लावू नये. फोड फोडू नयेत. चेहऱ्यावर सूज, श्वासास त्रास किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, 1945 मधील विषारी द्रव्यांच्या ई-1 यादीत भल्लातकाचा समावेश आहे. पोटात घेण्याच्या अशा औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. शोधन, मात्रा आणि पथ्य यांची सांगड तज्ज्ञ वैद्यच घालू शकतो. घरी दिव्यावर तापवून दुधात पाडलेल्या थेंबांचे मोजमाप कोणालाच करता येत नाही.