दोन मते आणि एक नियम: मुंबई, १९३७ ते १९५२

गोवंडीचा मतदार महापालिकेसाठी एकच मत देतो. खाडीपलीकडे नवी मुंबईत बहुतेक प्रभागांत त्याला चार मते द्यावी लागतात. किती मते आणि ती कशी वाटायची, हा तपशील वरवर कारकुनी वाटतो. याच तपशिलाची किंमत मुंबईत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मोजली आहे.

१९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडावी लागली. राखीव जागा मिळाल्या, पण त्यांवर कोण निवडून येणार हे सर्व मतदार मिळून ठरवणार होते. म्हणून आंबेडकरांचा आग्रह संचयी मतदानाचा होता: जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा. काँग्रेसला प्रत्येक उमेदवाराला एकच मत देण्याची विभागणी पद्धत हवी होती. मुंबई इलाख्यात संचयी पद्धत स्वीकारली गेली. संख्येने थोडा, पण एकजुटीने मतदान करणारा समाज तीत आपला माणूस निवडून आणू शकत असे. १९३७ मध्ये भायखळा-परळ भागातून आंबेडकरांनी काँग्रेसचे उमेदवार, ख्यातनाम फिरकी गोलंदाज पाळवणकर बाळू यांचा १३,२४५ विरुद्ध ११,२२५ मतांनी पराभव केला.

स्वतंत्र भारतात ही मुभा गेली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने द्विसदस्य मतदारसंघात मतदाराला दोन मते दिली, परंतु एका उमेदवाराला एकच. हे विधेयक सभागृहात नेले ते कायदामंत्री आंबेडकरांनीच!

१९५२ मध्ये ‘मुंबई शहर उत्तर’ या मतदारसंघात ते उभे राहिले. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि मतदाराच्या हाती दोन मतपत्रिका. दोन्ही एकाच पेटीत पडल्या, तर एक बाद. आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. राखीव जागा काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी चौदा हजारांहून अधिक मतांनी जिंकली. बाद मतपत्रिकांचा आकडा मात्र ७४,३३३ होता. दुसरे मत जाणूनबुजून वाया घालवण्याचा प्रचार झाला, असा आरोप करीत आंबेडकर व समाजवादी अशोक मेहता यांनी कॉम्रेड डांगे व इतरांविरुद्ध निवडणूक याचिका केली. ती फळाला आली नाही. सगळा दोष नियमावर टाकणे अर्थात भाबडेपणाचे ठरेल. काँग्रेसची लाट खरीच होती. तरीही पराभवाच्या अंतराच्या पाचपट मतपत्रिका बाद होतात, तेव्हा नियमाकडे काणाडोळा करता येत नाही.

मराठीत या डावपेचाला ‘मत कुजवणे’ असा नेमका शब्द रूढ झाला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीत आंबेडकरांच्या कार्यकर्त्यांनाही तोच मोह पडला: दुसरे मत कुजवायचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांची बेरीज वाढत नाही. आंबेडकरांनी नकार दिला. दुसरे मत मेहतांना द्या, असे सांगितले. मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले. राखीव जागेवर आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पुन्हा हरले.

द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने रद्द झाले. आंबेडकर तोवर हयात नव्हते.