‘ओके’ म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही

शाळेच्या कार्यालयात निकालपत्रक संगणकावर भरण्याचे काम चालले आहे. यवतमाळ, दारव्हा, पांढरकवडा, कोणतीही शाळा घ्या. शिक्षकांची नजर हातातल्या कागदावर असते, बोटे कळफलकावर. एक नाव, एक मोकळी जागा, आडनाव, पुन्हा एंटर. मान वर करून पाहावे, तो पडद्यावर काहीतरी चमकून गेलेले असते. संगणकाने एक प्रश्न विचारला होता आणि त्याला उत्तरही मिळाले होते. नाव आणि आडनाव यांमध्ये सोडलेल्या मोकळ्या जागेनेच ‘होय’ म्हटले होते! काय विचारले होते, हे मात्र आता कोणालाच सांगता येत नाही.

पडद्यावर मध्येच उगवणाऱ्या आणि उत्तर दिल्याखेरीज मागचे काम करू न देणाऱ्या या संवाद-चौकटीला संगणकशास्त्रात ‘मोडल डायलॉग’ म्हणतात. कळफलकावर दाबलेले अक्षर ज्या खिडकीकडे जाते, तिच्याकडे ‘फोकस’ आहे असे म्हणतात. वरच्या प्रसंगात अपराध या दोघांचा मिळून आहे. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमातून आपल्यापैकी अनेकांनी या चौकटी प्रथम पाहिल्या. त्यांत ‘ओके’ कुठे दाबायचे ते आपण शिकलो. पण त्या आल्या कशा, हा इतिहासही पाहण्यासारखा आहे.

‘मोडल’ हा शब्द ‘मोड’पासून आला. मोड म्हणजे यंत्राची अवस्था. तीच कळ, पण अवस्था बदलली की तिचा अर्थ बदलतो. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ नावाचा लेखन-प्रोग्राम तयार केला. त्याच्या दोन अवस्था होत्या. एकीत अक्षरे उमटत, तर दुसरीत तीच अक्षरे आज्ञा ठरत. आज्ञा-अवस्थेत असल्याचे विसरून एखाद्याने ‘एडिट’ हा इंग्रजी शब्द टाइप केला की काय होई? ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने लेखन सुरू होई आणि ‘टी’ हे अक्षर तेवढे कागदावर उमटे. दिवसभराच्या मेहनतीचे एका अक्षरात सार!

त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर या संशोधकाने अवस्थांविरुद्ध जणू मोहीमच उघडली. त्याच्या मोटारीच्या नंबरपाटीवर ‘नो मोड्स’ अशी अक्षरे असत. टिम मॉट या सहकाऱ्याबरोबर त्याने १९७५ च्या सुमारास ‘जिप्सी’ हा प्रोग्राम लिहिला. तो झेरॉक्सच्या मालकीच्या गिन या प्रकाशनसंस्थेतील संपादकांसाठी होता. ही संस्था शालेय पाठ्यपुस्तके छापणारी, ही आपल्या वाचकांसाठी एक वेगळी गंमत. कट, कॉपी आणि पेस्ट आज आपण ज्या रीतीने करतो, ती रीत या प्रोग्रामातून रूढ झाली.

जिप्सीतली मुख्य कल्पना मराठी माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. जुन्या प्रोग्रामात आधी ‘पुसा’ ही आज्ञा द्यायची आणि मग काय पुसायचे ते दाखवायचे. या दोहोंच्या मधल्या काळात यंत्र ‘पुसण्याच्या अवस्थेत’ ताटकळत बसे आणि माणूस तेवढ्यात दुसऱ्या कामाला लागला की घोटाळा होई. जिप्सीत आधी मजकूर निवडायचा, मग आज्ञा द्यायची. म्हणजे आधी कर्म, शेवटी क्रियापद. ‘हा परिच्छेद काढ’ हीच तर आपल्या वाक्याची चाल! क्रियापद उच्चारले की वाक्य पुरे होते, यंत्राला वाट पाहत बसावे लागत नाही.

टेस्लर १९८० मध्ये ॲपल कंपनीत गेला. तिथे १९८३ चा ‘लिसा’ आणि १९८४ चा ‘मॅकिन्टॉश’ हे संगणक तयार झाले आणि अवस्थांच्या या वैऱ्याच्या घरातच अडवणारी चौकट नांदू लागली. लिसाच्या चाचण्यांतली एक गोष्ट प्रसिद्ध आहे. चौकटीतील बटणावर आधी ‘डू इट’ असे शब्द होते. एका माणसाने ते ‘डोल्ट’ असे वाचले. डोल्ट म्हणजे मठ्ठ! संगणक आपल्याला मठ्ठ का म्हणतो, हे त्या बिचाऱ्याला कळेना. पुढे त्या जागी ‘ओके’ आले.

अडवणारी चौकट टिकली का? कारण ती प्रोग्राम लिहिणाऱ्याला सोयीची होती. समजा, ‘ही फाइल पुसू का?’ असा प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत वापरणाऱ्याला मोकळे सोडले. तो त्या वेळात फाइलचे नाव बदलेल, तीच फाइल उघडेल, नाही तर संपूर्ण प्रोग्राम बंद करील. या प्रत्येक शक्यतेसाठी आज्ञावलीत तजवीज करावी लागते. त्यापेक्षा दार लावून घेणे सोपे. मॅकिन्टॉशमध्ये स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती, तिथे ही सोय नाकारणार कोण? तरीही माझ्या मते ही सोय पुढे सवय झाली. जिथे गरज नव्हती तिथेही चौकटी उगवू लागल्या.

आता फोकसकडे वळू. मूर्तिजापूर–यवतमाळ या अरुंद रुळांच्या ‘शकुंतला’ मार्गाचे नाव आपल्या जिल्ह्यात कोणाला ठाऊक नाही? तो मार्ग एकेरी. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत यासाठी भारतात पुष्कळ ठिकाणी टोकनची पद्धत वापरली गेली. लोखंडी गोळा पिशवीत घालून तो वेताच्या कड्यासह चालकाच्या हाती देत. गोळा एकच बाहेर निघतो आणि तो ज्याच्याजवळ असेल त्याचीच गाडी पुढे जाते. फोकस हा असाच गोळा आहे. खिडक्या पन्नास असोत, कळफलक एकच आहे, आणि दाबलेली कळ कोणा एकीलाच मिळणार. मोडल चौकट उघडते तेव्हा दोन गोष्टी होतात. गोळा चौकटीकडे जातो, आणि ज्या खिडकीतून ती उघडली ती मालक खिडकी निकामी केली जाते. तिच्यावर टिचकी मारली तर नुसता ‘टुंग’ आवाज येतो.

चौकट बंद करताना क्रमाला मोठे महत्त्व आहे. मालक खिडकी आधी पुन्हा सक्षम करायची आणि मगच चौकट नष्ट करायची. नवखा प्रोग्रामर उलट करतो. मग काय होते पाहा. चौकट नाहीशी झाली त्या क्षणी गोळा कोणाला द्यावा, हे विंडोज शोधू लागते. मालक खिडकी अजून निकामीच आहे, म्हणून ती बाद. परिणामी गोळा भलत्याच प्रोग्रामच्या खिडकीकडे जातो आणि आपली खिडकी तिच्यामागे दडते. क्षणभराने ती सक्षम होते खरी, पण गोळा गेलेला असतो. दोन ओळींची अदलाबदल एवढीच चूक, पण काम करणाऱ्याला वाटते की आपला प्रोग्राम नाहीसा झाला.

याहून त्रासदायक प्रकार म्हणजे चौकटीला मालक कोण हे सांगायचेच राहून जाणे. अशी चौकट मुख्य खिडकीच्या मागे जाऊ शकते. पुढची खिडकी काही केल्या हलत नाही, कारण मागे एक प्रश्न उत्तराची वाट पाहत उभा आहे. पण तो दिसत नाही! ‘संगणक अडकला’ असे म्हणून कोणीतरी बटण दाबून तो बंद करतो आणि न साठवलेले काम जाते. आल्ट आणि टॅब या कळा एकत्र दाबून मागच्या खिडक्या पाहिल्या असत्या, तर पुष्कळदा ते वाचले असते.

१६ बिटी विंडोजमध्ये, म्हणजे ३.१ आवृत्तीपर्यंत, सगळ्या प्रोग्रामांना कळा आणि माउस यांची एकच सामाईक रांग होती. त्या काळी एक चौकट संपूर्ण संगणक रोखू शके. १९९३ चे विंडोज एनटी आणि नंतरचे विंडोज ९५ यांत या रांगा वेगळ्या झाल्या. पण गोळा पळवण्याची खोड राहिलीच. कुठलाही प्रोग्राम उठून स्वतःला पुढे आणी. विंडोज ९८ आणि २००० पासून त्याला लगाम घातला गेला. माणूस दुसरीकडे काम करत असताना पुढे येऊ पाहणाऱ्या प्रोग्रामचे खालच्या पट्टीतले बटण फक्त लुकलुकते. शेवटची कळ दाबल्यापासून हा मज्जाव किती काळ चालावा याचे मूळ मूल्य २ लाख मिलिसेकंद, म्हणजे २०० सेकंद ठेवलेले होते. एकाच प्रोग्रामच्या स्वतःच्या चौकटींना मात्र हा लगाम लागू नाही. सुरुवातीच्या प्रसंगातली मोकळी जागा तिथेच फसते. निवडलेले बटण मोकळ्या जागेच्या कळीने दाबले जाते आणि ‘येस’, ‘नो’ अशा साध्या चौकटीत नुसते ‘एन’ अक्षरही उत्तर म्हणून चालते.

मराठीत लिहिणाऱ्याला तर आणखी एक अवस्था सांभाळावी लागते. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले भारतीय लिपींचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकने ‘जिस्ट’ या नावाने वाढवले. इनस्क्रिप्ट कळफलकही प्रमाण ठरला. एकाच कळफलकावर दोन लिपी बसल्या, म्हणजे ब्राव्होचीच गोष्ट पुन्हा आली. इंग्रजीत ‘पिन’ लिहायला पी, आय, एन दाबावे आणि लिपी मराठी असावी, की पडद्यावर ‘जगल’ उमटते! इथे चूक दिसते तरी. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे बरोबर कळा दाबूनही पासवर्ड का नाकारला जातो ते उमगत नाही. त्यात पूर्वी विंडोज प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी लिपी लक्षात ठेवी, म्हणजे फोकस बदलला की लिपीही बदले. २०१२ च्या विंडोज ८ पासून सर्वांना मिळून एकच लिपी, अशी मूळ मांडणी झाली.

सारख्या येणाऱ्या सूचनांचे काय होते याचे सर्वांत दारुण उदाहरण रुग्णालयातले आहे. कॅनडात तयार झालेल्या ‘थेराक-२५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणे दिली. मार्च १९८६ मध्ये टेक्सासमधील टायलर येथे चालिकेने इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ऐवजी क्ष-किरणांचा ‘एक्स’ टाइप केला, चूक लगेच दुरुस्त केली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला. त्याचा अर्थ कुठे नीट सांगितलेला नव्हता आणि असे संदेश तर नेहमीचेच. पुढे चालू ठेवण्यासाठी ‘पी’ ही एक कळ पुरे होती. ती तिने दाबली. रुग्णाला पुन्हा तोच झटका बसला आणि काही महिन्यांनी त्याचा मृत्यू झाला. मूळ दोष आज्ञावलीत आणि काढून टाकलेल्या यांत्रिक अडसरांत होता, चालिकेत नव्हता. तिच्या बोटाला ‘पी’ची सवय मात्र त्या यंत्रानेच लावली होती.

म्हणूनच ‘नक्की ना?’ असे विचारण्यापेक्षा केलेले परत फिरवण्याची सोय द्यावी, हा विचार मला अधिक पटतो. पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये राहते, ती याच विचाराने. मॅक ओएस एक्सने २००१ पासून चौकट तिच्या कागदाच्या खिडकीलाच चिकटवली. तो एक कागद अडतो, शेजारचा चालू राहतो.

वर्गात हे दाखवायला एक संगणक पुरेसा आहे. वर्ड उघडून चार ओळी लिहा. ‘फॉन्ट’ची चौकट उघडा आणि ती तशीच ठेवून मागच्या मजकुरावर टिचकी मारा. आता ती बंद करून ‘फाइंड अँड रिप्लेस’ची चौकट उघडा आणि पुन्हा मजकुरावर टिचकी मारून एखादा शब्द लिहा. एक चौकट अडवते, दुसरी बाजूला थांबून राहते. पहिलीला अडवण्याचे काय कारण असावे, हे मुलांना विचारून पाहा. दुसरी उघडी असताना नुसता फोकस इकडून तिकडे नेत राहिले, तर दाबलेले अक्षर कधी मजकुरात तर कधी शोधाच्या रकान्यात पडते, तेही त्यांच्या लक्षात येईल.