दर्शन, बस्ता आणि पडघ्याची स्पेशल रिक्षा

मुंबई-आग्रा रस्त्याने भिवंडी मागे टाकून नाशिकच्या दिशेने निघाले की सुमारे 15 किलोमीटरवर पडघा लागते. प्रेक्षणीय स्थळ म्हणून या गावाचे नाव कोणी घेत नाही, आणि गावातही तसा दावा कोणी करत नाही. पण पडघ्याच्या एका अंगाला तानसा नदीकाठची वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी आहे, दुसऱ्या अंगाला टिटवाळ्याचा महागणपती. भिवंडीकडच्या बाजूला लोणाडचे शिलाहारकालीन शिवमंदिर आणि लेणी आहेत, तर पुढे शहापूरजवळ माहुलीचा किल्ला. बाजार करायचा तर भिवंडी आणि कल्याण दोन्ही हाताशी. या भागात रिक्षावाल्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : शेअर की स्पेशल? स्पेशल म्हणजे अख्खी रिक्षा एका कुटुंबाची, दिवसभरासाठी किंवा अर्ध्या दिवसासाठी, तोंडी ठरवलेल्या भाड्यात. परदेशी पाहुण्यांसाठी ‘टुकटुक टूर’ म्हणून जी गोष्ट आज अनेक शहरांत विकली जाते, म्हणजे खासगी रिक्षा, वाट दाखवणारा चालक, थोडे दर्शन आणि थोडी खरेदी, तीच ही गोष्ट. माझे म्हणणे असे, की ही व्यवस्था रिक्षाच्या आधीची आहे. पडघ्याच्या टापूत ती रस्ता, रेल्वे आणि देवस्थान यांच्या एकमेकांशी असलेल्या अंतरातून जन्माला आली. वाहन बदलत गेले, भाडे ठरवण्याची रीत मात्र टिकली. तिला करमणुकीचा नवा धंदा समजणे म्हणजे तिचा इतिहास पुसणे होय.

सुरुवात रस्त्यापासून करावी लागते, कारण पडघा हे रस्त्याचे गाव आहे. कल्याण हे बंदर इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात येते, आणि कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांचा उल्लेख सापडतो. बंदरावरचा माल घाटमाथ्यावर नेण्याच्या वाटांपैकी एक थळ घाटाने नाशिककडे जात असे. एकोणिसाव्या शतकात त्याच दिशेने आग्रा रोड बांधला गेला आणि पडघा त्याच्या काठावर आले. मग रेल्वे आली. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी ठाण्यापर्यंत धावली, मे 1854 मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि 1855 मध्ये वाशिंदला. 1861 च्या आरंभी कसाऱ्यापर्यंत आणि 1865 मध्ये घाट चढून इगतपुरीपर्यंत गाडी जाऊ लागली. या लोहमार्गाने टिटवाळा आणि खडवली गाठले. भिवंडी आणि पडघा मात्र बाजूला राहिले. घाट ओलांडणारा मोठा माल आणि लांबचा प्रवासी रुळांवर गेला. भिवंडी तालुक्याच्या पुढच्या दीडशे वर्षांवर या एका निर्णयाचा ठसा आहे. मुख्य मार्गावरचे स्टेशन कधीच गावात नव्हते, म्हणून स्टेशन ते गाव आणि गाव ते देवस्थान हा तुकडा कायम दुसऱ्या कोणाच्या तरी चाकांवर अवलंबून राहिला. आधी बैलगाडी, मग टांगा, पुढे काळी-पिवळी जीप आणि रिक्षा. खडवली स्टेशनवर उतरून पडघ्याला येणारा माणूस आजही तोच तुकडा पार करत असतो.

आता देवस्थानाकडे पाहू. वसईच्या मोहिमेवर असताना चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला आणि मे 1739 मध्ये किल्ला सर झाल्यावर मंदिर बांधले गेले, अशी या स्थानाची परंपरा सांगते. चैत्र अमावास्येला तिथे यात्रा भरते. तिथी लक्षात घेण्यासारखी आहे. भाताचे पीक घरात येऊन काही महिने झालेले, शेतीला उसंत, हातात थोडे पैसे आणि पाऊस अजून महिना-सव्वा महिना दूर. कोकणपट्टीतल्या घराला याच दिवसांत पावसाळ्याची बेगमी करायची असते : मीठ, मिरची, सुकट-बोंबील, कांदे, घोंगडी, मातीची भांडी. देवीचे दर्शन, गरम पाण्याच्या कुंडातले स्नान आणि बाजार ही तीन कामे एकाच फेरीत उरकणे हा शहाणपणाचा हिशोब होता, त्यात चैन नव्हती. गाडी जुंपायची तर ती एकाच कामासाठी कोण जुंपेल? दर्शन आणि खरेदी एकत्र बांधण्याची रीत कुठल्या सहल कंपनीने काढलेली नाही. गाडी, बैल आणि सवड या तिन्हींच्या तुटवड्याने ती घडवली.

दुसरा आणि माझ्या मते अधिक बळकट पुरावा बस्त्याचा आहे. लग्न ठरले की दोन्ही घरची माणसे मिळून कापड घ्यायला तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जातात. नवरीचे शालू, मानपानाची लुगडी, आहेराची धोतरे-टोप्या, मुलांचे कपडे, सगळे एका दिवसात. आगरी असोत की कुणबी, ठाणे जिल्ह्यातल्या घरांत बस्ता बांधणे हा लग्नाचाच एक विधी आहे. त्याला माणसे पुष्कळ लागतात, गाठोडी पुष्कळ होतात, आणि दुकानदाराशी घासाघीस करायला बाजाराची नस ओळखणारा कोणी तरी सोबत लागतो. म्हणून बस्त्याला जाताना वाहन नेहमीच अख्खे ठरवले गेले आहे. लग्नानंतर नवे जोडपे देवदर्शनाला निघते तेव्हाही तीच पद्धत. कोणत्या पेढीवर माल चोख मिळेल, कुठे जेवण बरे मिळेल, मंदिराच्या पायऱ्या आजीबाईंना झेपणार नाहीत तर गाडी कुठवर नेता येईल, हे सारे चालकाला माहीत असावे अशी अपेक्षा असे आणि अजूनही असते. त्याला मार्गदर्शक म्हणून कोणी नेमत नाही. तो परिसरातला माणूस म्हणून हे काम करतो.

याच रस्त्याने पुढे, नाशिक-त्र्यंबकेश्वरात, हे काम एका वेगळ्या आणि फार संघटित रूपात दिसते. तिथले तीर्थोपाध्ये यजमान घराण्यांच्या वह्या ठेवतात. आलेल्या माणसाने गाव आणि कूळ सांगितले की त्याच्या आजा-पणजाची नोंद उघडून दाखवली जाते. उतरण्याची सोय, विधी, पंचवटीतल्या देवळांचा क्रम, सगळे उपाध्यायांकडून होई, आणि मोबदला दक्षिणेच्या रूपाने जाई. आज पंचवटीत रिक्षावाले ‘नाशिक दर्शन’ करवतात, काळाराम, सीतागुंफा, तपोवन असा क्रम लावून देतात. ते उपाध्यायांचे वारस नाहीत, पण अनोळखी गावात माणसाला हाताशी धरून फिरवण्याची जी गरज उपाध्याय भागवत होते, तिचा एक वाटा आता त्यांच्याकडे आला आहे. वह्यांत लिहिलेले ज्ञान आणि रिक्षावाल्याच्या तोंडी असलेले ज्ञान यांत प्रतिष्ठेचा फरक पडला, तो मला खटकतो. पडघ्याच्या बाजूला तर लिहून ठेवणारी परंपराच नव्हती. इथले वाटाड्याचे ज्ञान पहिल्यापासून चालकाजवळच राहिले, आणि म्हणूनच ते ज्ञान आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. रिक्षा तरी कुठे इथली आहे? इटलीतल्या पियाजिओने 1948 मध्ये ‘आपे’ बाजारात आणली ती मालवाहू तीनचाकी म्हणून. पुण्याच्या नवलमल फिरोदियांनी अशा वाहनात माणसाने ओढायच्या रिक्षाला पर्याय पाहिला, आणि 1959 मध्ये बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना मिळाला. तिकडे थायलंडमध्ये जपानी ‘मिजेट’ आली, 1957 मध्ये दायहात्सूने काढलेली, आणि तिच्यापासून बँकॉकची टुकटुक झाली. तेव्हा पर्यटकांना रिक्षातून फिरवण्याची कल्पना बँकॉक-कोलंबोहून उचललेली नक्कल आहे, असे म्हणता येईल. वाहनाच्या बाबतीत हे अंशतः खरे आहे. पण कोलंबोच्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य तीनचाकी बजाजच्या आहेत आणि बजाजच्या तीनचाकीचा मोठा कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला आहे, हे त्याच हिशोबात धरायला हवे. शिवाय परदेशी पाहुणा भिवंडी तालुक्याला नवा नाही. संत नित्यानंद 1936 मध्ये गणेशपुरीला आले आणि 1961 मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. त्यांचे शिष्य मुक्तानंद यांचा आश्रम 1956 पासूनचा. 1970 नंतर मुक्तानंदांच्या जगप्रवासामुळे अमेरिका-युरोपातले साधक गणेशपुरीला येऊन महिनोन्‌महिने राहू लागले. म्हणजे पॅकेज सहलींचा बोलबाला होण्याच्या कितीतरी आधी याच तालुक्यातली एक छोटी वस्ती दूरदेशीच्या माणसांना सरावलेली होती. वाहन बाहेरून आले, पाहुणेही बाहेरून आले. त्यांना सामावून घेणारी पद्धत इथली होती.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या भागात बहुतेक माणसे शेअर रिक्षाने जातात. स्पेशल ही पैसेवाल्यांची सोय, तिला परंपरा कशाला म्हणायचे? इथे कायद्याकडे पाहणे उपयोगी पडते. रिक्षाला मिळतो तो कंत्राटी परवाना. या प्रकारच्या परवान्याची मूळ कल्पनाच अशी, की सगळे वाहन एका करारावर भाड्याने जावे. टप्प्याटप्प्याला माणसे चढवत-उतरवत जाणे हे एस.टी.चे काम. शेअर रिक्षा वाढली ती एस.टी.च्या फेऱ्या अपुऱ्या पडल्या म्हणून, आणि ती गरिबाच्या फार उपयोगाची आहे यात शंका नाही. पण तिच्यामुळे अख्खी रिक्षा ठरवण्याची रीत उपटसुंभ ठरत नाही. आजारी माणूस, बाळंतीण, बस्ता, दहावा, देवदर्शन अशा प्रसंगांना अगदी बेताच्या मिळकतीचे घरही स्पेशल करते, तीन-चार घरे मिळून करतात. रोजच्या जाण्यायेण्याला शेअर आणि प्रसंगाला स्पेशल, अशी वाटणी आहे, आणि बैलगाडीच्या काळातही बाजाराला जाणाऱ्याच्या गाडीत जागा मिळवणे आणि स्वतःची गाडी ठरवणे या दोन वेगळ्याच गोष्टी होत्या.

दलालीचा आक्षेप मात्र मी सहज बाजूला सारू शकत नाही. चालक ज्या दुकानात नेतो तिथे त्याचा हिस्सा ठरलेला असतो आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो, ही तक्रार प्रत्येक देशातल्या अशा फेऱ्यांबद्दल आहे आणि ती खरी आहे. जुन्या व्यवस्थेतही देवाणघेवाण होतीच; दक्षिणा होती, पेढीवाल्याचे चहा-पान होते. फरक असा, की बस्त्याला नेणारा गाडीवाला त्याच पंचक्रोशीतला असे. कापड फसवे निघाले तर ती गोष्ट पुढच्या लग्नापर्यंत गावभर झालेली असे आणि त्याला दुसरे भाडे मिळणे अवघड होई. एकदाच येणाऱ्या पाहुण्याला हे संरक्षण नाही. त्याला मीटरचेही संरक्षण मिळत नाही, कारण मीटरला अंतर मोजता येते आणि थांबण्याची मिनिटे मोजता येतात. मुंबई महानगर प्रदेशात 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 26 रुपये हे भाडे ठरले. लोणाडच्या लेण्यात खंडेश्वरीचे ठाणे आहे हे सांगणाऱ्याचे भाडे किती, हे त्या तक्त्यात येत नाही. जी गोष्ट विकायला बंदी नाही पण जिची किंमतही लावलेली नाही, तिची भरपाई माणूस दुसरीकडून करतो. दलालीचे मूळ मला इथे दिसते. माथेरानला घोडेवाला पाहुण्याला पॉइंट दाखवत फिरवतो, तिथे कोणत्या फेरीला किती पैसे हे फलकावर लिहिण्याची पद्धत पडली. त्याने घासाघीस संपली नाही, पण पाहुण्याच्या हातात बोलायला एक आकडा आला. वज्रेश्वरी-गणेशपुरी, लोणाड, टिटवाळा अशा फेऱ्यांचे तासांवर आणि ठिकाणांवर ठरवलेले दर पडघ्याच्या स्टँडवर लिहायला काय हरकत आहे?

एक आक्षेप भविष्याच्या नावाने घेतला जातो. 5 जून 2025 रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा रस्ता आता पडघ्याशेजारी आमण्याला येऊन थांबतो, आणि त्यावर तीनचाकीला मज्जाव आहे. रस्ताच रिक्षा नाकारतो, मग रिक्षाच्या फेऱ्यांचा इतिहास कशाला उगाळायचा? वेगवान रस्त्यावर रिक्षा नसावी हे बरोबरच आहे. तिथे ती स्वतःला आणि इतरांनाही घातक ठरेल. पण 1855 मध्ये रूळ वाशिंदला पोहोचले तेव्हाही असेच वाटले असणार, की आता बैलगाडीचे दिवस भरले. झाले उलटे. रेल्वेने लांबचा प्रवास घेतला आणि स्टेशनापासून आतल्या गावांचा प्रवास वाढवला, कारण जास्त माणसे जास्त वेळा स्टेशनावर उतरू लागली. आमण्याला उतरणाऱ्या मोटारींतली बहुतेक माणसे मुंबई-ठाण्याकडे निघून जातील. पण ज्यांना वज्रेश्वरीला जायचे आहे, ज्यांच्या घरी लग्न आहे, आणि या भागातल्या गोदामांत कामाला आलेली जी माणसे रविवारी घरच्यांना कुठे तरी न्यावे म्हणतात, त्यांना मोठ्या रस्त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी आमणे, आग्रा रोडवरचे वडपे आणि पडघा या तिन्ही ठिकाणी रिक्षांना उभे राहायला अधिकृत जागा लागेल. ती जागा रस्त्याच्या आराखड्यातच धरावी लागते, कारण सेवारस्ता आणि कुंपण एकदा बांधून झाले की रिक्षा उड्डाणपुलाखाली कशीबशी उभी राहते आणि मग तिलाच वाहतुकीचा अडथळा म्हणून दंड होतो.